इलेक्ट्रॉनचा हिशेब मांडणारे मेघनाद साहा

अणूने इलेक्ट्रॉन गमावला तर तो धनभारित आयन होतो, मिळवला तर ऋणभारित. मिठातील सोडियम व क्लोरिन यांची ही देवघेव आपण वर्गात शिकतो. ताऱ्यांवरील आयनांचा हिशेब मात्र एका खेड्यातील किराणा दुकानदाराच्या मुलाने मांडला.

मेघनाद साहांचा जन्म १८९३ साली ढाक्याजवळच्या शेवराताली गावी झाला. १९०५ च्या बंगालच्या फाळणीनंतर राज्यपालांच्या भेटीच्या निषेधात सामील झाल्यामुळे सरकारी शाळा सुटली, शिष्यवृत्तीही गेली. शिक्षण मात्र त्यांनी सोडले नाही.

सूर्याच्या वातावरणात फार उंचावर आयन झालेल्या कॅल्शियमच्याच रेषा ठळक का, हे कोडे त्यांनी १९२० साली उलगडले. उष्णतेने इलेक्ट्रॉन निसटतो. तेथे दाब अत्यल्प असल्याने आयनाला दुसरा इलेक्ट्रॉन सहसा भेटत नाही. तापमान व दाब यांवरून आयनांचे प्रमाण सांगणारे त्यांचे समीकरण हाती येताच वर्णपटावरून ताऱ्यांचे तापमान काढता येऊ लागले.

१९५२ साली ते लोकसभेवर निवडून आले. त्यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीत नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी व पुण्याचे ज. स. करंदीकर हेही होते. चिक्कडपल्लीत आपला पाडवा आणि शेजारचा उगादी आजही चांद्र गणनेनेच येतात. सरकारी चैत्र मात्र २२ मार्चला, लीप वर्षी २१ ला लागतो. ही शके गणना १९५७ साली सुरू झाली. ती पाहण्यास साहा नव्हते. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले होते.