वनौषधींचे अभ्यासक डॉ. गार्सिया द ओर्ता

डॉ. गार्सिया द ओर्ता यांचा जन्म सुमारे १५०१ साली पोर्तुगालमधील कास्तेलो द व्हिदे येथे झाला. त्यांचे मातापिता स्पेनमधून परागंदा झालेले यहुदी होते. पोर्तुगालमध्ये अशा कुटुंबांवर बाप्तिस्मा लादण्यात आला. सालामांका व अल्काला येथे शिक्षण घेऊन ते १५३४ साली गोव्यात आले.

रुग्णसेवा करताना त्यांनी प्राचीन ग्रंथांपेक्षा प्रत्यक्ष निरीक्षणावर भर दिला. स्थानिक हिंदू वैद्यांकडून शिकण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आमांशावर गुणकारी अशा एका मलबारी वनस्पतीचे त्यांनी वर्णन केले. ती म्हणजे आपल्या कोकणच्या रानातील कुडा, असे अभ्यासक मानतात. अमीबा या सूक्ष्मजीवामुळे आमांश होतो व कुड्याच्या सालीतील कोनेसीन त्यावर परिणाम करते, हे विज्ञानाला कित्येक शतकांनी उमगले. त्यांचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. १५६७ मधील क्लुसियसकृत लॅटिन संक्षेपामुळे तो युरोपभर पोहोचला.

१५६८ साली त्यांचे निधन झाले. गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून त्यांची बहीण कातारिना हिला पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने जाळण्याची शिक्षा दिली. १५८० साली खुद्द ओर्तांच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या.

१२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी सत्याच्या नावाखाली घडलेल्या असहिष्णुतेबद्दल व यहुदी लोकांवरील अन्यायाबद्दल परमेश्वराची क्षमा मागितली. कुड्याची शुभ्र फुले पाहताना या वैद्याचे कृतज्ञ स्मरण करावे आणि त्या क्षमायाचनेत आपणही सहभागी व्हावे.