कर्मवीर भाऊराव पाटील : पडीक जमीन आणि शिक्षण यांची सांगड घालणारा माणूस

रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक म्हणून कर्मवीर भाऊराव पाटील सर्वांना माहीत आहेत. मात्र त्यांची वसतिगृहे शेतकऱ्यांनी दिलेल्या धान्यावर आणि मुलांच्या शेतातील श्रमांवर उभी राहिली. त्यांच्या कामाची ही बाजू कोरडवाहू शेतकऱ्यांनी समजून घेण्यासारखी आहे.

नांगरविक्री ते वसतिगृह

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज (जि. कोल्हापूर) येथे झाला. त्यांचे मूळ गाव ऐतवडे बुद्रुक, आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात असताना लोखंडी नांगरांच्या विक्रीसाठी ते गावोगाव फिरले. या फिरतीत त्यांनी शेतकऱ्यांची गरिबी आणि निरक्षरता जवळून पाहिली.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले (ता. कराड) येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये संस्थेचे काम साताऱ्यात आले. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. अडचणीच्या काळात मुलांच्या जेवणासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले.

कमवा आणि शिका

गरिबाच्या मुलाकडे फीचे पैसे नसतात, पण दोन हात असतात. भाऊरावांनी त्यावरच शिक्षणाची योजना बसवली. मुलांनी स्वयंपाक केला, बांधकामावर राबली आणि पडीक जमिनी लागवडीखाली आणल्या. १९४० मध्ये साताऱ्यात सुरू झालेले महाराजा सयाजीराव हायस्कूल याच तत्त्वावर चालले. ९ मे १९५९ रोजी भाऊरावांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले होते.

आजच्या शेतीसाठी बोध

हलकी, मुरमाड जमीन एका हंगामात सुधारत नाही. तिला पैशापेक्षा सातत्याने राबणारे हात जास्त लागतात. माण, खटाव, जत, आटपाडी भागातील शेतकऱ्यांनी पुढील कामे गटाने करावीत :

- उन्हाळ्यात दगड-गोटे वेचून त्यांचेच उताराला आडवे बांध घालावेत. माती वाहून जात नाही, पाणी जागेवर मुरते.
- नांगरट व पेरणी उताराला आडवी करावी.
- काडीकचरा न जाळता शेण मिसळून कंपोस्ट करावे.
- पुरेशी ओल असल्यास ताग पेरून फुलोऱ्याच्या सुरुवातीला, साधारण ४५ ते ५० दिवसांनी, जमिनीत गाडावा.
- बाजरीत तूर किंवा मटकीचे आंतरपीक घ्यावे.

कृषी सहायकांनी ही प्रात्यक्षिके गावातील शाळेच्या पडीक तुकड्यावर मुलांना सोबत घेऊन करावीत. सुधारलेली जमीन त्यांच्या डोळ्यांसमोर राहील आणि घरच्या शेतातही तेच काम सुरू होईल.