कीटकसृष्टींतील ईश्वरी योजना : झाँ आंरी फाब्र यांचें चरित्र

नीतिसूत्रांच्या ग्रंथांत आळशी मनुष्यास मुंगीकडे जाऊन शहाणपण शिकण्याचा उपदेश केलेला आहे. हा उपदेश आपण ऐकतों आणि विसरतों. परंतु कीटकांपुढें गुडघे टेकून ज्यांनीं सारें आयुष्य वेंचिलें, अशा एका फ्रेंच शिक्षकाची हकीकत या महोत्सवाच्या निमित्तानें वाचकांस सादर करीत आहें.

झाँ आंरी फाब्र यांचा जन्म १८२३ सालीं डिसेंबर महिन्यांत दक्षिण फ्रान्समधील सें-लेओं या खेड्यांत झाला. आईबाप गरीब, पोटासाठीं त्यांना गांवोगांव बिऱ्हाड हलवावें लागे. शिष्यवृत्ति मिळवून हा मुलगा आव्हीन्यों येथें शिकला व वयाच्या अठराव्या वर्षीं शिक्षक झाला.

गांधीलमाशीची एक जात आपल्या बिळांत भुंगेरे सांठवून ठेविते. ते कित्येक दिवस कुजत नाहींत. माशीच्या विषांत मांस टिकविण्याचा गुण असावा, असें तत्कालीन पंडितांस वाटे. फाब्र यांनीं तासन् तास निरखून दाखविलें कीं, भुंगेरा मेलेलाच नसतो. नांगी त्याच्या मज्जातंतूंच्या गांठींवर बसते. हालचाल थांबते, पण जीव राहतो आणि अंड्यांतून निघालेल्या अळीस ताजें अन्न मिळतें. या शोधाबद्दल १८५६ सालीं फ्रान्सच्या विज्ञान अकादमीनें त्यांस पारितोषिक दिलें.

पुढें आव्हीन्यों येथें ते सार्वजनिक वर्गांत शास्त्र शिकवूं लागले. त्या वर्गांस मुलीहि येत. फुलांत फलधारणा कशी होते, हें मुलींसमोर सांगितलें म्हणून धर्माभिमानी म्हणविणाऱ्या मंडळींनीं गहजब केला. १८७० च्या सुमारास नोकरी गेली आणि घरमालकिणींनीं घरहि सोडावयास लाविलें. अशा वेळीं धांवून आले ते ख्रिस्ती श्रद्धेपासून दूर असलेले इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल. त्यांनीं ३,००० फ्रँक उसने दिले. फाब्र यांनीं ते पुढें फेडिले. देवाची करणी शिकविणाऱ्यास देवाच्या नांवानें घराबाहेर काढण्यांत आलें, ही गोष्ट आपण भाविकांनीं विसरूं नये.

१८७७ सालीं त्यांचा सोळा वर्षांचा लाडका मुलगा ज्यूल वारला. बापाच्या शोधांत तो सोबती होता. फाब्र यांनीं गांधीलमाशांच्या कांहीं जातींस त्याचें नांव दिलें. १८७९ सालीं सेरीन्यां येथें त्यांनीं दगडधोंड्यांचें एक माळरान घेतलें व तेथेंच राहून कीटकांविषयींच्या आठवणींचे दहा खंड १९०७ पर्यंत प्रसिद्ध केले.

१८९६ च्या जानेवारींत त्यांनीं रांगेनें चालणारे सुरवंट एका मोठ्या कुंडीच्या कांठावर फिरतांना पाहिले. एकामागून एक ते सात दिवस फिरत राहिले. खाद्य जवळ असूनहि वाट सोडीनात. जो कीटक एका कामांत इतका निपुण, तोच दुसऱ्या कामांत इतका अंध! त्यावरून फाब्र यांनीं अनुमान काढिलें कीं, ही बुद्धि कीटकाची नव्हे, त्याला निर्माण करणाऱ्याची आहे.

त्यांच्या निरीक्षणाची डार्विन यांनींहि स्तुति केली. उत्क्रांतिवाद मात्र फाब्र यांस पटला नाहीं. माशीची नांगी नेहमींच इतकी अचूक बसत नाहीं, असें पुढील निरीक्षकांस आढळलें. उत्क्रांतीचा अभ्यास करण्यास १९५० सालीं पोप बारावे पायस यांनीं मोकळीक दिली, आणि तो सिद्धांत निव्वळ तर्क राहिलेला नाहीं, हें १९९६ सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं मान्य केलें. म्हणून आपली श्रद्धा एखाद्या न उलगडलेल्या कोड्यावर उभारूं नये. कोडें सुटलें म्हणजे ती ढासळेल. आणि जिवंत भक्ष्य कुरतडणाऱ्या अळीच्या बिळांत देवाची दया शोधूं गेल्यास ती सांपडणार नाहीं. सृष्टींत आपणांस त्याचें सामर्थ्य व ज्ञान दिसतें. त्याची दया क्रुसावर भेटते.

११ ऑक्टोबर १९१५ रोजीं, वयाच्या ९१ व्या वर्षीं, फाब्र सेरीन्यां येथें निवर्तले.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या मुलानें अथवा मुलीनें उद्यां तळहातावर एखादा किडा आणून प्रश्न विचारिला, तर त्यांस झिडकारूं नका. क्षणभर त्यांच्यासह खालीं बसा व पाहा. सृष्टिकर्त्याचा गौरव करण्याचा तोहि एक मार्ग आहे.