इकिगाई शोधणारी कुष्ठधामाची डॉक्टर : मिएको कामिया

‘इकिगाई’ हा जपानी शब्द गेल्या काही वर्षांत आपल्या तरुणांच्या तोंडी चांगलाच रुळला आहे. अभ्यासिकेत त्या नावाचे पुस्तक दिसते. मार्गदर्शन शिबिरात चार वर्तुळांची आकृती दाखवली जाते: काय आवडते, काय जमते, जगाला काय हवे आणि पैसा कशाचा मिळेल. ही आकृती मुळात जपानची नाहीच. एका ब्रिटिश ब्लॉगलेखकाने २०१४ मध्ये दुसऱ्याच एका आकृतीवर हा शब्द चिकटवला आणि ती जगभर पसरली. जपानमध्ये या शब्दाचा खोलवर विचार केला तो डॉ. मिएको कामिया यांनी, आणि तोही समाजाने बेटावर टाकून दिलेल्या माणसांमध्ये बसून. म्हणूनच त्यांचे चरित्र आपल्या वाचकांपुढे यावे असे आम्हाला वाटते.

मिएको यांचा जन्म १२ जानेवारी १९१४ रोजी ओकायामा येथे झाला. वडील तामोन माएदा मोठे सरकारी अधिकारी. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या कामासाठी ते जिनिव्हाला गेले आणि मिएकोंचे बालपणातले काही शिक्षण तिकडेच, फ्रेंच भाषेत झाले. म्हणजे त्या काही बहिष्कृतांच्या घरात जन्मलेल्या नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

१९ वर्षांच्या असताना त्या मामांबरोबर टोकियोजवळच्या तामा झेन्शोएन कुष्ठधामात गेल्या. मामा ख्रिस्ती प्रवचन देणार होते, भाचीने ऑर्गन वाजवायचा होता. समोर बसलेली माणसे पाहून त्या हादरल्या आणि आपण डॉक्टर होऊन इथेच काम करायचे असे त्यांनी ठरवले. घरच्यांनी साफ नकार दिला. त्याच काळात त्यांच्या जिवाभावाचा तरुण क्षयाने गेला आणि पुढे त्यांनाही क्षयाने गाठले. त्या काळी हे दुखणे जीवघेणेच होते. डोंगरातल्या एका घरात एकट्या पडून त्यांनी मार्कस ऑरेलियस मूळ ग्रीकमध्ये वाचला. त्याचे जपानी भाषांतरही त्यांनी पुढे केले. बऱ्या झाल्यावर अमेरिकेत शिकायला गेल्या. अखेर वडिलांनी होकार दिला आणि १९४४ मध्ये, ऐन महायुद्धात, त्या डॉक्टर झाल्या. मनोविकार हा विषय घेतला.

पण कुष्ठधाम काही लगेच वाट्याला आले नाही. युद्धानंतर वडील शिक्षणमंत्री झाले. अमेरिकन लष्करी प्रशासनाशी बोलणी करताना दुभाषी म्हणून मुलगीच हाताशी होती. १९४६ मध्ये वनस्पतीशास्त्रज्ञ नोबुरो कामिया यांच्याशी लग्न झाले, दोन मुलगे झाले. घर सांभाळायचे, भाषा शिकवायच्या, भाषांतरे करायची, यातच वर्षे गेली. १९५५ मध्ये गर्भाशयाचा कर्करोग निघाला. त्यातून उठल्या आणि दोनच वर्षांत, ४३ व्या वर्षी, नागाशिमा बेटावरच्या आइसेइएन कुष्ठधामात कामाला लागल्या. कोबेच्या बाजूला राहायचे, रेल्वेने लांबचा प्रवास करायचा आणि शेवटी होडीने बेटावर जायचे, असे हे काम होते.

हे बेट समजून घेतल्याशिवाय इकिगाई समजणार नाही. १९३० मध्ये सुरू झालेले हे जपानचे पहिले राष्ट्रीय कुष्ठधाम. १९३१ च्या कायद्याने कुष्ठरोग्यांना समाजातून उचलून आयुष्यभर वेगळे ठेवण्याची मुभा सरकारला मिळाली. बेटावर आणलेल्या माणसाला आधी जंतुनाशकाच्या पाण्यात अंघोळ घालत. त्याचे पैसे काढून घेऊन फक्त आतच चालणारे चलन हातात देत. घराण्याला बट्टा नको म्हणून अनेक जण नावच बदलून राहत. नियम मोडला तर कोठडी होती. लग्न करायचे तर पुरुषाची नसबंदी करत. आपल्या वाचकांना याचा अर्थ फोड करून सांगावा लागणार नाही.

मिएकोंनी या माणसांना प्रश्नावल्या दिल्या, एकेकाशी तासन्‌तास बोलल्या. औषधाने रोग बरा होऊ लागला होता, तरी अनेकांना उद्याचा दिवस उगवूच नये असे वाटे. पोटाला अन्न होते, डोक्यावर छप्पर होते. आपली कोणाला गरज आहे ही जाणीव मात्र नव्हती. आणि त्याच बेटावर, तेच दुखणे असलेली काही माणसे मात्र भरभरून जगत होती. दृष्टी गेलेल्या आणि बोटांची संवेदना हरपलेल्या काहींनी जिभेने ब्रेल लिपी वाचायला शिकून घेतले होते. अंध रुग्णांचे हार्मोनिका पथक होते.

हा फरक कशामुळे, या प्रश्नातून १९६६ मध्ये ‘इकिगाई नि त्सुइते’ हे पुस्तक आले. ज्यासाठी जगावे ती गोष्ट वेगळी आणि जगणे सार्थ वाटण्याची भावना वेगळी, हे त्यांनी नीट उलगडले. त्या भावनेला पुढचा काळ मोकळा दिसावा लागतो, कोणाचा तरी प्रतिसाद लागतो, आणि स्वातंत्र्य लागते. पैसा कशाचा मिळेल हा प्रश्न त्यांच्या विवेचनाच्या केंद्रस्थानी नाही.

इथे आम्हाला एक हरकत नोंदवायची आहे. आइसेइएनचे पहिले संचालक केन्सुके मित्सुदा हे सक्तीच्या विलगीकरणाचे खंदे पुरस्कर्ते. मिएको त्यांच्याविषयी आदरानेच लिहीत राहिल्या आणि विलगीकरणाच्या कायद्याविरुद्ध ठामपणे उभ्या राहिल्या नाहीत, अशी टीका जपानमध्येही झाली आहे. ती आम्हाला रास्त वाटते. कोंडलेल्या माणसाच्या मनाला उभारी देणे मोलाचे आहेच, पण कुलूप कोणी लावले हे विचारायचे राहून गेले. ते रुग्णांनी स्वतः विचारले. १९३६ मध्ये याच बेटावर त्यांनी संप केला. १९५१ मध्ये देशभरातल्या कुष्ठधामांतील रुग्णांची संघटना उभी राहिली आणि १९५३ च्या नव्या कायद्याविरुद्ध त्यांनी उपोषणे केली. आमच्या मते तो लढाच अनेकांची इकिगाई होती. (आपल्याकडेही, ज्या हिंदू विवाह कायद्याखाली बौद्धांचे विवाह येतात, त्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ पर्यंत होतेच.)

हृदयविकारामुळे १९७२ मध्ये मिएकोंना बेटावरचे काम सोडावे लागले. २२ ऑक्टोबर १९७९ रोजी, ६५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. बेट आणि मुख्य भूमी जोडणारा छोटासा पूल १९८८ मध्ये झाला. विलगीकरणाचा कायदा १९९६ मध्ये रद्द झाला आणि २००१ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने ते धोरण घटनाबाह्य ठरवून रुग्णांना भरपाई दिली. तोवर बहुतेकांची घरी परतण्याची वाट बंद झाली होती. अनेकांच्या अस्थी न्यायला नातेवाईक आलेच नाहीत. त्या आजही बेटावरच्या अस्थिगृहात आहेत.