हिसारलिकच्या टेकडीवरचा उतावळा व्यापारी

तुर्कस्तानच्या बारा दिवसांच्या सहलीत ट्रॉयच्या वाट्याला जेमतेम दीड तास आला होता. २०१९ च्या ऑक्टोबरात आम्ही चाळीसजण, बहुतेक सगळे निवृत्त, इस्तंबूलहून अंधारातच निघालो. आया सोफिया, निळी मशीद, ग्रँड बाजारातले काचेचे दिवे असे सगळे मनसोक्त पाहून झाले होते. बसमध्ये चिवडा आणि शंकरपाळे फिरले, गाण्याच्या भेंड्या झाल्या. गॅलिपोलीच्या बाजूने बस फेरीबोटीत चढली आणि दार्दनेल्सची सामुद्रधुनी ओलांडून आम्ही युरोपातून आशियात उतरलो. (२०२२ मध्ये तिथे भलामोठा झुलता पूल झाला. आता जाणाऱ्यांना बोटीची वाट पाहावी लागत नाही.)

ट्रॉयच्या दारातच एक लाकडी घोडा उभा होता. तो १९७५ साली पर्यटकांसाठी केलेला. आमच्यातल्या बऱ्याचजणांनी त्याच्या पोटात चढून, खिडकीतून तोंड काढून फोटो काढून घेतले. पुढे मात्र सगळ्यांचा विरस झाला. पडक्या भिंती, दगडांचे ढीग, मध्येमध्ये रोमन आकड्यांच्या पाट्या. ज्याच्यासाठी दहा वर्षे युद्ध झाले ते नगर हेच का, असा प्रश्न प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होता. एका वहिनींनी तर आपला रायगड याहून किती भव्य, असे बोलूनही दाखवले.

गाईड तरुण होता. त्याने आम्हाला टेकडी चिरत गेलेल्या एका रुंद, खोल खंदकाच्या काठाशी उभे केले आणि हा खंदक श्लीमन नावाच्या जर्मन व्यापाऱ्याने खणल्याचे सांगितले. या माणसाने तरुणपणी कॅलिफोर्नियात बँक काढली होती, असेही तो जाता जाता म्हणाला. मंडळी पुढे सरकली. मी तिथेच थांबलो. पस्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाचे कान बँक म्हटले की आपोआप टवकारतात. परत आल्यावर या गृहस्थाविषयी मिळेल ते वाचून काढले. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

हाइन्रिश श्लीमनचा जन्म ६ जानेवारी १८२२ चा, उत्तर जर्मनीतल्या मेक्लेनबुर्ग प्रांतातला. वडील खेड्यातले पाद्री. तो नऊ वर्षांचा असताना आई गेली. वडिलांचे घरातल्या मोलकरणीशी असलेले संबंध गावभर झाले आणि मुले नातेवाइकांकडे पांगली. सात वर्षांचा असताना नाताळला मिळालेल्या पुस्तकात जळत्या ट्रॉयचे चित्र पाहिले आणि हे नगर आपण शोधायचेच असे तेव्हाच ठरवले, असे तो पुढे सांगत असे. अभ्यासकांचा या कथेवर फारसा विश्वास नाही. मोठा झालेला माणूस आपल्या बालपणाची खातेवही मागाहून नीट लिहून काढतो, हे आपण आत्मचरित्रांतून नेहमीच पाहतो.

चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो किराणा दुकानात उमेदवार म्हणून लागला. हेरिंग मासे, मीठ, कॉफी, बटाट्याची दारू विकायची आणि दुकान झाडायचे. पाच वर्षांनी जड पिंप उचलताना छातीत कळ आली आणि तोंडातून रक्त पडले, तेव्हा ते काम संपले. १८४१ मध्ये व्हेनेझुएलाला जाणाऱ्या जहाजावर तो पोऱ्या म्हणून चढला. जहाज हॉलंडच्या किनाऱ्याजवळ फुटले. नेसत्या वस्त्रांनिशी वाचलेला हा मुलगा अॅमस्टरडॅमच्या एका पेढीत कारकून झाला.

इथे त्याचा खरा गुण दिसतो. पगाराचा अर्धा भाग तो भाषा शिकण्यावर घालवी. इंग्रजी, फ्रेंच, डच, स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज असे एकेक करत तो रशियनपर्यंत पोचला. पद्धत एकच, मोठ्याने वाचायचे आणि पाठ करायचे. रशियनच्या वेळी ऐकायला कोणी असावे म्हणून त्याने एका गरीब म्हाताऱ्याला पैसे देऊन रोज समोर बसवले. त्या बिचाऱ्याला रशियनचे अक्षर कळत नव्हते. शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे खोली दोनदा बदलावी लागली, पण भाषा आली. रशियन येणारा कारकून म्हणून १८४६ मध्ये पेढीने त्याला सेंट पीटर्सबर्गला पाठवले आणि वर्षभरातच त्याने स्वतःचा व्यापार मांडला.

त्याचा मुख्य माल होता नीळ. तेव्हा युरोपच्या बाजारात येणारी उत्तम नीळ बहुतांशी आपल्या बंगालची असे. ज्या निळीपायी बंगालच्या रयतेने १८५९ मध्ये उठाव केला, तिच्याच पेट्यांवर पीटर्सबर्गमध्ये हा माणूस गबर होत होता. क्रिमियाच्या युद्धात त्याने गंधक, सोरा आणि शिसेही विकले. ट्रॉयच्या मातीत पडलेली पहिली कुदळ या पैशातून आली होती.

मधल्या काळात भाऊ कॅलिफोर्नियात वारला म्हणून १८५१ मध्ये तो तिकडे गेला. सोन्याच्या खाणींची धामधूम चालू होती. सॅक्रामेंटो गावात त्याने पेढी उघडली आणि खाणमजुरांकडून सोन्याची भुकटी विकत घ्यायला सुरुवात केली. काही महिन्यांत बक्कळ पैसा झाला, तापाने दोन-तीनदा अंथरूणही धरले. त्या दिवसांच्या त्याच्या रोजनिशीत सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रचंड आगीचे डोळ्यांनी पाहिल्यासारखे वर्णन आहे. आग लागली मे महिन्यात. रोजनिशीतली तारीख जूनची, आणि आगीच्या वेळी तो सॅक्रामेंटोत होता. माझ्यातल्या जुन्या अधिकाऱ्याने या नोंदीवर लाल पेन्सिलीने खूण केली.

चाळिशी ओलांडल्यावर त्याने धंदा आवरता घेतला. १८६४ मध्ये जगप्रवासाला निघून हिंदुस्थान, चीन, जपान पाहून आला. पॅरिसला शिकू लागला. १८६८ मध्ये होमरचे 'इलियड' बरोबर घेऊन तो दार्दनेल्सच्या परिसरात उतरला, तेव्हा तोही आपल्यासारखाच एक प्रवासी होता. बहुतेक विद्वान तेव्हा बुनारबाशी या खेड्याला ट्रॉय मानत. श्लीमनने तिथे थोडे खणले आणि हाती काही लागले नाही. परतीच्या वाटेवर त्याला फ्रँक कॅल्व्हर्ट भेटला.

या कॅल्व्हर्टविषयी सहलींत फारसे सांगत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगतो. हे इंग्रज कुटुंब तिथेच स्थायिक झालेले. हिसारलिकच्या टेकडीचा निम्मा भाग कॅल्व्हर्टच्या मालकीचा होता. ट्रॉय इथेच असणार अशी त्याची खात्री होती आणि त्याने थोडे खणूनही पाहिले होते. पैशाअभावी काम अडले होते. आपली सारी माहिती त्याने या श्रीमंत पाहुण्याला विश्वासाने दिली. श्लीमनने पुढच्याच वर्षी पुस्तक काढले आणि शोधाचे श्रेय आपल्या नावे जमा केले.

१८६९ हे वर्ष त्याने घाईघाईने साजरे केले. रोस्टॉक विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आणि तिथल्या कोर्टातून रशियन बायकोशी काडीमोड घेतला. तिच्यापासून तीन मुले होती. मग अथेन्सच्या ओळखीच्या एका धर्मगुरूला लिहून होमरची गोडी असलेल्या ग्रीक मुलींचे फोटो मागवले. आपल्याकडच्या कांदेपोह्यांना लाजवील असा हा कार्यक्रम. सतरा वर्षांची सोफिया पसंत पडली. नवरदेव सत्तेचाळीस वर्षांचे.

१८७१ मध्ये ऑटोमन सरकारचा परवाना मिळाला आणि रीतसर खोदकाम सुरू झाले. परवान्याची एक अट होती की सापडेल त्यातले निम्मे सरकारी संग्रहालयाला द्यायचे. श्लीमनचा हिशेब सरळ होता. होमरचे ट्रॉय फार जुने, म्हणजे ते तळाशीच असणार. शंभर-दीडशे मजूर लावून त्याने टेकडी उत्तर-दक्षिण चिरायला घेतली. काही ठिकाणी खंदक सतरा मीटर खोल गेला. वाटेत ज्या भिंती आल्या त्या त्याच्या लेखी अडथळा होत्या. पहारी लावून त्या पाडल्या आणि गाड्या भरभरून बाहेर टाकल्या. धीराने जाण्याचा सल्ला कॅल्व्हर्टने दिला होता. १८७३ च्या आरंभी तर त्याने वर्तमानपत्रात लिहिले की सापडलेल्या वस्तूंमध्ये होमरच्या काळचे काहीच दिसत नाही, मध्ये कित्येक शतकांची पोकळी आहे. तपासनिसाचा असा शेरा आला की शहाणा मॅनेजर दप्तर पुन्हा उघडतो. श्लीमनने मैत्री तोडली.

त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस तळाकडच्या एका भिंतीपाशी सोने चमकले. मुकुट, कर्णभूषणे, प्याले आणि आठ हजारांहून जास्त बारीक मणी व कड्या. त्याने याला ट्रॉयच्या राजाचे, प्रायमचे भांडार म्हटले. मजुरांना सुट्टी दिली आणि सोफियाने आपल्या शालीतून दागिने हलवले, असे त्याने छापले. सोफिया तेव्हा तिथे नव्हतीच. वडील वारल्यामुळे ती अथेन्सला गेली होती. सरकारला निम्मा वाटा देण्याऐवजी सारे सोने गुपचूप अथेन्सला पोचले. ऑटोमन सरकारने दावा लावला, दहा हजार फ्रँक भरपाई ठरली. श्लीमनने पन्नास हजार भरले आणि सगळेच ठेवून घेतले. १८८१ मध्ये त्याने ते जर्मनीला भेट दिले. १९४५ मध्ये बर्लिन पडल्यावर ते सोव्हिएत फौजांनी उचलले. जवळजवळ पन्नास वर्षे त्याचा ठावठिकाणा कोणी कबूल केला नाही. १९९६ मध्ये ते मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात मांडले गेले.

पण खरी गोष्ट यापुढेच आहे. ट्रॉय हे एक नगर नव्हते. एकावर एक वसलेल्या वस्त्यांचे तिथे नऊ मुख्य थर आहेत. सोने मिळाले ते खालून दुसऱ्या थरात. होमरने गायलेले युद्ध खरोखर झाले असेल तर ते इसवी सनापूर्वी १२०० च्या आसपासचे, म्हणजे सहाव्या किंवा सातव्या थरातले. भांडार त्याहून हजार वर्षांनी जुने. प्रायमचे नगर शोधायला निघालेल्या माणसाने बहुधा त्याच नगराचा मधला भाग फोडून गाड्यांतून टेकडीखाली ओतला होता.

हे त्याला कळले का? कळले असावे. १८८२ पासून ड्योर्पफेल्ड नावाचा तरुण वास्तुतज्ज्ञ त्याच्या मदतीला होता, आणि त्याच्यामुळे कामाला शिस्त आली होती. १८९० मध्ये दोघांना सहाव्या थरात मायसीनी पद्धतीची भांडी मिळाली. असली भांडी श्लीमनला चांगलीच परिचयाची. ग्रीसमधल्या मायसीनीचे प्रसिद्ध उत्खनन १८७६ मध्ये त्यानेच केले होते. दुसरा थर होमरचा असू शकत नाही, हे त्या खापरांनी सांगितले. पुढच्या वर्षी पुन्हा खणायचे ठरले. ते वर्ष त्याला मिळाले नाही. कानाची शस्त्रक्रिया करून अथेन्सला घरी परतत असताना नाताळच्या दिवशी नेपल्समध्ये तो रस्त्यात कोसळला. इतक्या भाषा येणाऱ्या त्या माणसाची वाचा गेली होती. दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबर १८९० रोजी, तो वारला. सहाव्या थराची भव्य तटबंदी पुढे ड्योर्पफेल्डने सोफियाच्या पैशाने उघडी केली.

खंदकाच्या काठावर मला हा सगळा तपशील ठाऊक नव्हता. गाईडने दोन वाक्यांत सांगितले होते, तेवढेच. तरी पाय हलेनात, कारण मला आमचे वाईचे घर आठवत होते.

२००९ मध्ये ते घर विकायचे ठरले आणि जुने खरेदीखत सापडेना. दोन दिवसांची रजा काढून मी गेलो आणि अण्णांच्या तीन ट्रंका उपसल्या. मला एकच कागद हवा होता. जो कागद तो नव्हता, तो बाजूला फेकत गेलो. तिसऱ्या ट्रंकेच्या तळाशी खरेदीखत मिळाले, आणि उरलेले सगळे त्याच संध्याकाळी रद्दीवाल्याला देऊन टाकले. चार वर्षांनी अण्णांच्या उमेदवारीच्या दिवसांवर कादंबरी लिहायला घेतली, तेव्हा आत्या सहज बोलून गेली की अण्णा बदलीच्या गावी एकटे असताना आई त्यांना दर आठवड्याला पत्र लिही, आणि ती सगळी पत्रे त्यांनी रोजकीर्दीच्या वह्यांत घालून जपली होती. ती कादंबरी मी पुरी केली नाही. आईचे अक्षर आज माझ्याकडे फक्त लोणच्याच्या एका कृतीपुरते उरले आहे.

म्हणून श्लीमनला लबाड म्हणताना माझी जीभ अडखळते. लबाड तो होताच. कॅल्व्हर्टचे देणे त्याने फेडले नाही. तरीही ट्रॉयकडे जगाचे लक्ष त्याच्या पैशामुळे आणि हट्टामुळे गेले, हेही जमेच्या बाजूला लिहावे लागते. त्याचे खरे नुकसान झाले ते खात्रीने. आपल्याला काय हवे आहे ते पक्के ठाऊक असले की हातात आलेले दुसरे काही दिसत नाही.

पुढे १९३२ ते १९३८ या काळात अमेरिकेचे ब्लेगन तिथे खणत होते. त्यांनी मातीचे काही खांब मुद्दाम न खणता सोडले. पुढे कोणी जास्त जाणते येतील, त्यांना तपासायला काही शिल्लक राहावे म्हणून. बँकेत एखाद्या रकमेचे खाते उमगले नाही की आम्ही ती सस्पेन्समध्ये ठेवत असू. जुने मुनीम त्यालाच उचंत खाते म्हणत. रक्कम टाकून द्यायची नाही, आणि उगीच कोणाच्या नावावरही घालायची नाही.

तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला. मंडळी घोड्यापाशी जमली होती आणि माझ्यामुळे खोळंबली होती.

घरी परतल्यावर माझी जुनी हिशेबाची वही काढली. २००९ च्या त्या तारखेला नोंद आहे : रद्दी विक्री, ३१२ रुपये जमा.