एकच दर लावणारे रोलंड हिल

शेजारच्या गावी पत्र टाका नाहीतर दिल्लीला, तिकीट तेवढंच लागतं. यामागं एका मास्तराचा हिशेब आहे.

रोलंड हिल यांचा जन्म ३ डिसेंबर १७९५ रोजी इंग्लंडमध्ये किडरमिन्स्टर येथे झाला. वडिलांच्या शाळेत ते लहानपणीच शिकवू लागले. त्या काळी हंशील अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे व बहुधा पत्र घेणाऱ्याला भरावं लागे. गरिबाजवळ पैसे नसले की पत्र माघारी जाई. खासदारांची पत्रं मात्र फुकट!

१८३७ साली हिल यांनी पुस्तिका काढली. पत्र लांब नेण्याला खर्च अगदी थोडा येतो. खरा खर्च प्रत्येक पत्राचं हंशील ठरवणं, नोंदणं आणि दारोदार वसूल करणं यात होतो, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवलं. वजनावर एकच दर ठेवा, पैसे आधी घ्या, हा त्यांचा उपाय. टपाल खात्याच्या साहेबांनी तो उडवून लावला, व्यापाऱ्यांनी उचलून धरला. १० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसाच्या पत्राला देशभर एक पेनी दर झाला. मे महिन्यात ‘पेनी ब्लॅक’ हे तिकीट निघालं. वर्षभरात पत्रं साडेसात कोटींवरून सुमारे १७ कोटींवर गेली. तरी नफा घटलाच. १८४२ मध्ये हिल यांना घरी बसवलं. १८४६ मध्ये ते परत आले आणि १८५४ ते १८६४ खात्याचे सचिव राहिले. १८७९ मध्ये ते वारले.

आपल्याकडेही १८५४ साली अंतर न पाहता पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा दर झाला.

पण हा हिशेब पत्रं भरपूर असली तरच जमतो. आता फोन आले, पत्रं घटली. पोस्टमनची फेरी मात्र तेवढीच लांब. ब्रिटनमध्ये २०२५ पासून कमी दराची पत्रं एक दिवसाआड वाटतात. डेन्मार्कमध्ये पोस्टनॉर्ड कंपनीनं २०२५ अखेर पत्रवाटपच थांबवलं. आपल्याकडे २०१८ पासून पोस्टमन बँकेचं कामही दारात येऊन करतो. तेव्हा गावच्या डाकघरात बचत खातं ठेवा, पार्सल तिथूनच पाठवा. ग्रामसेवकांनीही लोकांना हे सांगावं. फेरीला काम राहिलं, तरच पोस्टमन शेवटच्या वस्तीपर्यंत येत राहील.