बादशहाचा बोरू

पुढचं नाव वाचून काहीजण पान उलटतील. म्हणून आधीच सांगतो, ही औरंगजेबाची आरती नाही. पण आमच्या नामपूरकडचा आणि त्याचा संबंध जुना आहे.

त्याचा जन्म १६१८ साली दाहोदचा. अठराव्या वर्षी तो दख्खनचा सुभेदार झाला आणि १६३८ मध्ये त्याच्या फौजेनं मुल्हेर घेतलं. बागुल राजांचं बागलाण मोगलांकडे गेलं. मुल्हेरचं नाव औरंगगड ठेवलं, ते काही टिकलं नाही. मात्र त्या मोहिमेतल्या महंमद ताहिरच्या नावावरून पडलेलं ताहाराबाद आजही एस.टी.च्या पाटीवर आहे.

बापाला कैदेत टाकून तो १६५८ साली गादीवर बसला आणि पुढे भावांना संपवलं, हे सगळ्यांना पाठ आहे. पण हा माणूस फावल्या वेळात बोरू घेऊन कुराण उतरवायचा! अक्षर नामांकित, त्यातही नस्ख वळणाचं, म्हणजे गोलसर आणि सुटं.

आता यातली कारागिरी बघा. पुठ्ठ्यावर दोरे ताणून मिस्तर बनवायचं, त्यावर कागद दाबला की ओळी उमटतात. पेन्सिल नाही, खोडरबर नाही. (मिनी ड्राफ्टर असूनही आपली शीट रिजेक्ट होते!) मजकूर काळ्या शाईत. लिहिणारा एक आणि नक्षी काढणारा बहुतेक वेळा दुसराच. तो सोन्याचा वर्ख डिंकात घोटून आयतींमधली फुलं, समासाच्या रेघा, पहिल्या पानावरची वेलबुट्टी भरायचा. जोडीला लाजवर्दाचा निळा रंग. माणूस किंवा प्राणी एकही नाही, सगळी भूमिती आणि पानंफुलं.

औरंगजेबानं स्वतः लिहिलेली एक प्रत मदिनेला पाठवली. तिच्या सजावटीला आणि बांधणीला सात हजार रुपये लागले, अशी नोंद त्याच्या काळाचा इतिहासकार साकी मुस्तैद खान करतो. ज्याच्या राज्यात दरबारी चित्रकारांचा आश्रय आटला, त्यानं सोनेरी समासासाठी मात्र हात आखडला नाही. मला हे गंमतीचं वाटतं.

१६८१ मध्ये तो दक्षिणेत उतरला तो परत गेलाच नाही. १६८९ साली संभाजी महाराजांना हालहाल करून मारण्याचा हुकूम त्याचाच. इथे मी अडकतो. एक चुकलेला कानामात्रा चालू न देणारा हात आणि तो हुकूम देणारा माणूस एकच कसा? काहीजण म्हणतात, लिखाण हे नुसतं ढोंग. मला तसं वाटत नाही. वर्षानुवर्षं इतकं बारीक काम कोणी ढोंगासाठी करत नाही. तो खरंच श्रद्धेनं लिहीत असणार, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

मराठे काही संपले नाहीत. तो ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, वारला. त्याच्या नावानं सांगितल्या जाणाऱ्या मृत्युपत्रात दोन वेगळे हिशोब आहेत. टोप्या शिवून मिळालेले चार रुपये दोन आणे कफनासाठी. कुराण उतरवून मिळालेले तीनशे पाच रुपये मात्र कफनाला लावायचे नाहीत, फकिरांना वाटायचे.

खुलदाबादला त्याची कबर उघड्या आभाळाखाली आहे, वर मातीच. भोवतीची संगमरवरी जाळी निजामाच्या काळात, फार नंतर बसवली.